छापलं कधी आणि सुचलं कधी? एका बालकादंबरीच्या तीन तारखा

गेल्या महिन्यात एम.ए.च्या एका विद्यार्थिनीने मला विचारलं, "ताई, पीएच.डी.साठी गोष्टीचं पुस्तक पुरावा म्हणून चालतं का? म्हणजे, गोष्ट तर खोटीच असते ना?" प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला मला अर्धा तास लागला. शेवटी मी तिला माझीच एक फजिती सांगितली. तीच आज इथे लिहिते आहे, कारण संशोधनाकडे वळणाऱ्या बऱ्याच जणांच्या वाटेत हा खड्डा येतो.

नवीन वाचकांसाठी थोडी ओळख. मी मूळची सूक्ष्मजीवशास्त्राची. एम.एस्सी. झाल्यावर इतिहासाकडे वळले आणि आता विसाव्या शतकातल्या बालसाहित्यात कुटुंब कसं दिसतं यावर पीएच.डी. करते आहे. त्यातलं एक प्रकरण आहे आईवडिलांचा घटस्फोट झालेल्या मुलांच्या कादंबऱ्यांवर.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते, पुढे ती लागणार आहे. माझे आईवडील मी नऊ वर्षांची असताना वेगळे झाले. म्हणजे हा विषय मी काही यादीतून बोट ठेवून निवडलेला नाही.

पुस्तक कोणतं?

एरिश केस्टनर या जर्मन लेखकाची 'दास डोप्पेल्टे लोटशेन' ही कादंबरी १९४९ साली प्रसिद्ध झाली. नावाचा अर्थ साधारण 'दुहेरी लोटे'. चित्रं वाल्टर ट्रीअर यांची. केस्टनर हे नाव ओळखीचं नसेल तर 'एमिल आणि गुप्तहेर' ही १९२९ची कादंबरी आठवा, ती त्यांचीच.

गोष्ट अशी. सुट्टीतल्या मुलींच्या शिबिरात नऊ-नऊ वर्षांच्या दोन मुली समोरासमोर येतात आणि दोघी दिसायला हुबेहूब सारख्या निघतात. एक व्हिएन्नाची लुईझे पाल्फी, दुसरी म्युनिकची लोटे क्योर्नर. लुईझे वडिलांकडे राहते, ते ऑपेराचे संगीतसंचालक. लोटे आईकडे राहते, ती एका सचित्र साप्ताहिकाच्या कचेरीत छायाचित्रांचं काम बघते. हळूहळू दोघींना कळतं की आपण जुळ्या आहोत. आईवडिलांनी घटस्फोट घेताना एक-एक मुलगी वाटून घेतली आणि दुसरीबद्दल पहिलीला कधी सांगितलंच नाही. मग दोघी अदलाबदल करतात. वह्यांमध्ये एकमेकींच्या घराचे बारीकसारीक तपशील लिहून घेतात आणि लुईझे म्युनिकला, लोटे व्हिएन्नाला जाते. पुढे वडिलांच्या होणाऱ्या बायकोचं प्रकरण, लोटेचं आजारपण, आईच्या हातात पडलेला एक फोटो, असं करत शेवटी आईवडील पुन्हा लग्न करतात.

ही गोष्ट तुम्हाला ओळखीची वाटत असेल तर नवल नाही. डिस्नेचा 'द पेरेंट ट्रॅप' (१९६१) याच कादंबरीवरचा. त्याच्यावरून १९६५ साली तमिळमध्ये 'कुळन्दैयुम दैवमुम' आला, आणि १९६८ साली हिंदीत 'दो कलियाँ', ज्यात छोट्या नीतू सिंगने दोन्ही बहिणी केल्या. मी 'दो कलियाँ' पहिल्यांदा पाहिला तो मावशीच्या घरी, दुपारी, टीव्हीवर. त्यामागे एक जर्मन पुस्तक आहे हे कळायला मला पुढे पंधरा वर्षं लागली.

माझा सुंदर सिद्धांत

दुसऱ्या वर्षाच्या प्रगती-सादरीकरणासाठी मी या कादंबरीवर वीस स्लाइड केल्या होत्या. युक्तिवाद असा:

पुस्तक १९४९ चं. महायुद्ध १९४५ ला संपलेलं. युद्धात लाखो जोडपी वर्षानुवर्षं लांब राहिली, घाईघाईत झालेली लग्नं शांततेत टिकली नाहीत, आणि जर्मनीत घटस्फोटांचं प्रमाण युद्धानंतर झपाट्याने वाढून १९४८ च्या आसपास शिखरावर पोचलं. एकट्या आया नोकरी करून घर चालवत होत्या, मुलं लहान वयात जबाबदार होत होती. कादंबरीतली लोटे बघा: बाजारहाट करते, स्वयंपाक करते, हिशेब ठेवते. म्हणजे ही कादंबरी युद्धोत्तर जर्मनीतल्या मोडलेल्या कुटुंबांची प्रतिक्रिया आहे, आणि तिचा गोड शेवट ही त्या समाजाची इच्छापूर्ती.

किती नीट बसतंय, नाही? मलाही तसंच वाटलं होतं. सादरीकरण संपल्यावर बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी एकच प्रश्न विचारला.

"छापलं १९४९ ला, ते ठीक. पण सुचलं कधी?"

मला उत्तर माहीत नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे, हा प्रश्न असू शकतो हेच माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

१९४२

उत्तर शोधायला फार खोल जावं लागलं नाही, हेच जास्त लागलं. केस्टनरच्या चरित्रात ते सरळ दिलेलं असतं.

१० मे १९३३ रोजी बर्लिनच्या ऑपेरा चौकात नाझी विद्यार्थ्यांनी पुस्तकं जाळली, त्यात केस्टनरची पुस्तकं होती. ते स्वतः गर्दीत उभं राहून ते बघत होते. त्यानंतर त्यांना जर्मनीत स्वतःच्या नावाने छापणं बंद झालं, पण ते देश सोडून गेले नाहीत. त्यांचा चित्रकार वाल्टर ट्रीअर ज्यू होता, तो १९३६ साली लंडनला गेला आणि पुढे कॅनडाला. १९४२ च्या सुमारास केस्टनरना खास परवानगीवर थोडा काळ पटकथा लिहायला मिळाल्या. 'म्युंशहाउझेन' (१९४३) या सिनेमाची पटकथा त्यांचीच, पण बेर्टोल्ड ब्युर्गर या टोपणनावाने. त्याच काळात त्यांनी दिग्दर्शक योझेफ फॉन बाकी यांच्यापुढे आणखी एक कल्पना ठेवली. तिचं नाव 'मोठं गुपित'. ती होती एकमेकींना शोधणाऱ्या जुळ्या बहिणींची गोष्ट. मग बंदी पुन्हा आली आणि तो सिनेमा बारगळला.

युद्ध संपल्यावर केस्टनरनी त्याच कल्पनेची कादंबरी केली. १९५० साली फॉन बाकींनीच तिच्यावर सिनेमा काढला, निवेदकाचा आवाज केस्टनरचा, आणि १९५१ च्या पहिल्यावहिल्या जर्मन चित्रपट पुरस्कारांमध्ये त्याचा गौरव झाला.

आता माझ्या सिद्धांताचं काय झालं बघा. १९४८ च्या घटस्फोटांच्या लाटेमुळे १९४२ साली गोष्ट सुचू शकत नाही. कार्य आधी आणि कारण नंतर, असं प्रयोगशाळेत कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. इतिहासात मात्र मी तेच केलं होतं, आणि तेही वीस स्लाइडमध्ये.

मग सिद्धांत पूर्ण टाकायचा का?

आठवडाभर मी तेच करत होते. मग गाईड सरांनी सांगितलं, "टाकू नकोस, तोड." म्हणजे एका प्रश्नाचे तीन प्रश्न कर. कोणत्याही पुस्तकाला किमान तीन तारखा असतात: ते सुचलं कधी, छापलं कधी, आणि लोकांनी ते उचलून धरलं कधी. तिन्हींची कारणं वेगळी असू शकतात.

*सुचलं कधी आणि का?* इथे १९४८ ची लाट बाद. त्याऐवजी १९३८ चा विवाह कायदा बघावा लागतो. ऑस्ट्रिया गिळल्यावर नाझी सरकारने जुलै १९३८ मध्ये हा कायदा केला आणि तो दोन्हीकडे लागू झाला. त्याआधी ऑस्ट्रियात कॅथलिक जोडप्याला कायदेशीर घटस्फोट मिळतच नसे, फार तर वेगळं राहायची परवानगी मिळे. या कायद्यात ठरावीक वर्षं वेगळं राहिल्यावर घटस्फोटाची वाट होती, आणि मूल होऊ न देणं हेही घटस्फोटाचं कारण होतं. म्हणजे लोकांचं भलं हा मुख्य हेतू नव्हता, सरकारला जन्मदर हवा होता. कादंबरीतला बाप व्हिएन्नाचा, आई म्युनिकची. १९४२ च्या वाचकाला हे दोन्ही एकाच कायद्याखालचे गावकरी वाटले असते. १९४९ मध्ये मात्र मधे सीमा होती, आणि व्हिएन्ना चार विजेत्या देशांच्या ताब्यात होतं.

*छापलं तेव्हा काय बदललं?* हे पुस्तकाच्या पानांतच सापडतं. गोष्ट मधेच थांबवून केस्टनर वाचकांशी बोलतात. शर्ली टेंपल या बालनटीचं उदाहरण देतात: तिने काम केलेले सिनेमे तिलाच बघायला बंदी, कारण वय लहान. मग मोठ्यांना सुनावतात की जगात घटस्फोटित आईबाप भरपूर आहेत, त्याचा त्रास सोसणारी मुलंही भरपूर आहेत, आणि आईबाप वेगळे होत नाहीत म्हणून त्रास सोसणारी मुलंसुद्धा आहेत. मुलांनी हे सोसायचं, पण त्याबद्दल त्यांच्याशी बोलायचं नाही, हे कुठलं शहाणपण? हा मजकूर लेखकाने स्वतःच्या बचावासाठी लिहिलेला आहे, आणि बचाव तेव्हाच करतात जेव्हा आक्षेप येणार हे माहीत असतं. मुलांच्या पुस्तकात घटस्फोट आणणं हे १९४९ मध्येही धाडस होतं, याचा पुरावा म्हणून हा परिच्छेद मला चालतो.

*लोकांनी उचलून का धरलं?* इथे माझी १९४८ ची लाट परत येते, आणि इथे ती बसते. पुस्तक आणि लगोलग आलेला सिनेमा ज्यांनी पाहिला, त्यांच्यात मोडलेल्या घरातली मुलं पुष्कळ होती. लाट कल्पनेचं कारण नव्हती, पण स्वागताचं कारण असू शकते.

बघा, सिद्धांत मेला नाही. तो फक्त चुकीच्या जागी बसवलेला होता.

पुस्तकात काय नाही, तेही बघा

परीक्षक मॅडमच्या प्रश्नानंतर मी कादंबरी पुन्हा वाचली, या वेळी काय नाही ते शोधत. तर त्यात युद्धच नाही. म्युनिकवर प्रचंड बॉम्बहल्ले झाले होते, पण गोष्टीतल्या म्युनिकमध्ये ढिगारे नाहीत. सैनिक नाहीत, रेशनकार्ड नाही, बेपत्ता बाप नाही. आईवडील वेगळे झाले ते युद्धामुळे नव्हे. बापाला संगीतासाठी एकांत हवा होता, आई फार तरुण होती, दोघांनी समजून घेतलं नाही, एवढंच.

आणखी एक गोष्ट. मी मुलांच्या ताब्याचे जुने नियम काढून बघितले. १९०० साली लागू झालेल्या जर्मन नागरी संहितेत हिशेब सरळ होता: दोष एकाचाच असेल तर मुलं निर्दोष पालकाकडे. दोष दोघांचा असेल तर मुली आईकडे, सहा वर्षांवरचे मुलगे बापाकडे. १९३८ च्या कायद्याने 'मुलाचं हित' बघायला सांगितलं. यांतल्या कुठल्याही हिशेबाने 'दोन जुळ्या मुली, एक तुला एक मला' असं उत्तर सहज येत नाही. म्हणजे गोष्टीचा पायाच लेखकाच्या डोक्यातून आलेला आहे. तो कायद्याचा आरसा नाही. पण म्हणून तो निरुपयोगीही नाही. मुलांना सामानासारखं अर्धं-अर्धं करता येतं असं मोठ्यांना वाटतं, यावर केस्टनरचा राग आहे, आणि तो राग दाखवायला जुळ्यांइतकं चपखल काही नाही.

पुढच्या दोन पुस्तकांशी तुलना

एकाच पुस्तकावरून बदल दिसत नाही, म्हणून मी आणखी दोन कादंबऱ्या शेजारी ठेवल्या.

ज्युडी ब्लूम यांची 'इट्स नॉट द एंड ऑफ द वर्ल्ड' १९७२ ची, अमेरिकेतली. बारा वर्षांची कॅरन रोजच्या दिवसाला शाळेसारखा शेरा देते. आईवडील वेगळे होणार कळल्यावर तिलाही लोटेसारखंच वाटतं की आपण काहीतरी युक्ती केली की दोघं परत एकत्र येतील. ती युक्ती करते, आणि ती फसते. आईवडील समोरासमोर येतात तेव्हा भांडतातच. पुस्तक संपतं तेव्हा घटस्फोट टळलेला नसतो, पण कॅरन उभी असते. कॅलिफोर्नियात दोष सिद्ध न करता घटस्फोट घ्यायचा कायदा १९७० साली लागू झाला होता, आणि कॅरनच्या न्यू जर्सीने १९७१ मध्ये नियम सैल केले होते.

जॅकलिन विल्सन यांची 'द सूटकेस किड' १९९२ ची, इंग्लंडमधली. दहा वर्षांची अँडी एक आठवडा आईकडे, एक आठवडा बाबांकडे. दोन्हीकडे नवे जोडीदार आणि त्यांची मुलं. तिचं असं कुठेच काही नाही, फक्त सूटकेस आणि खिशात मावणारा एक खेळण्यातला ससा. इंग्लंडचा १९८९ चा बालक कायदा ऑक्टोबर १९९१ मध्ये लागू झाला. त्यात मुलांचा 'ताबा' हा शब्द जाऊन मूल 'राहणार कुठे' आणि 'भेटणार कुणाला' अशी भाषा आली.

तिन्ही एका ओळीत ठेवली की मुलीचा प्रश्न बदलताना दिसतो. लोटे विचारते, यांना परत एकत्र कसं आणू? कॅरन विचारते, आले नाहीत तर माझं काय? अँडी विचारते, माझ्या वस्तू कुठे ठेवू?

आणि इथेच मला परत थांबावं लागलं, कारण 'कायदा बदलला म्हणून कादंबरी बदलली' हे वाक्य बोटांवर आलंच होतं. इंग्लंडचा कायदा लागू होणं आणि 'सूटकेस किड' छापून येणं यांत काही महिन्यांचं अंतर. म्हणजे पुन्हा तीच चूक. शिवाय माझा नमुना तीनचा. तीन देश, तीन लेखक. तीन बिंदूंमधून रेघ काढता येते, पण ती रेघ खरी आहे की नाही हे तीन बिंदू सांगत नाहीत. म्हणून प्रबंधात मी एवढंच लिहिलं आहे की कायदा आणि कादंबऱ्या एकाच दिशेने सरकताना दिसतात, आणि कुणी कुणाला ढकललं ते वेगळ्या पुराव्याने, म्हणजे पत्रव्यवहार, हस्तलिखितं, परीक्षणं यांवरून तपासावं लागेल.

आपल्याकडचं एक उदाहरणही देते. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा १९४७ ला झाला, देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने हक्क मिळाला, आणि परस्परसंमतीने घटस्फोटाचं कलम १९७६ ला आलं. 'दो कलियाँ' १९६८ चा, म्हणजे घटस्फोटाचा हक्क मिळून तेरा वर्षं झाली होती. पण सिनेमात सगळं खापर बायकोच्या श्रीमंत, हुकूमशहा आईवर फुटतं. व्हिएन्नातला एकांतप्रिय संगीतकार इथे येईपर्यंत नाहीसा झाला, त्याच्या जागी सासू आली. कायदा होता तरी गोष्टीने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. 'कायदा आला की गोष्ट बदलते' या वाक्याला हा घरचाच अपवाद.

विषय आपल्याच घरातला असेल तर

आता ती सुरुवातीची गोष्ट. १९४९ च्या तारखेवर मी इतकी पटकन विश्वास का ठेवला, याचा मी नंतर विचार केला. आळस होताच. पण दुसरंही काही होतं.

नऊ वर्षांची असताना मावशीकडे 'दो कलियाँ' बघून मी महिनाभर योजना आखत होते. मला जुळी बहीण नव्हती, म्हणून ताप आल्याचं नाटक केलं, म्हणजे बाबा येतील. बाबा आलेही. औषधं दिली, आईशी दोन वाक्यं बोलले आणि गेले. त्यानंतर मला असले शेवट खोटे वाटायला लागले, आणि राग यायचा. मोठेपणी त्याच गोष्टीचं मूळ पुस्तक हातात आलं, तेव्हा त्या शेवटाला काहीतरी भक्कम कारण असावं असं मला वाटत होतं. 'उद्ध्वस्त देशाची इच्छापूर्ती' म्हटलं की लेखकाला माफ करता येत होतं. १९४९ ही तारीख मला हवी होती, म्हणून मी ती तपासली नाही.

सूक्ष्मजीवशास्त्रात आम्ही हवा असलेला निकाल आला की प्रयोग पुन्हा लावायचो. नको असलेला आला तर सगळेच लावतात, हवा असलेला आला तरी लावायचा, ही शिस्त होती. इतिहासात आल्यावर मी ती विसरले, कारण इथे पेट्री डिश नसते.

तेव्हा घरातला विषय निवडू नका असं मी म्हणणार नाही. अशा विषयावर माणूस जास्त चिवटपणे काम करतो. पण एका वहीत लिहून ठेवा: मला काय खरं निघायला हवं आहे? आणि जिथे जिथे तसंच निघतंय, तिथली तारीख, तिथला आकडा, तिथला संदर्भ दोनदा तपासा.

त्या विद्यार्थिनीला मी शेवटी एवढंच सांगितलं. गोष्ट खोटी असते, पण ती कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी अडचणीत बसून लिहिलेली असते, आणि ते लिहिणं खरं असतं. पुरावा तिथे आहे. तो कोणत्या प्रश्नाचा पुरावा आहे, हे मात्र आपल्याला ठरवावं लागतं.

परीक्षक मॅडमचा प्रश्न मी आता टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवला आहे. तुमच्या प्रबंधातल्या एखाद्या पुस्तकाला, अहवालाला किंवा सिनेमाला तो विचारून बघा. आणि तुमचा एखादा लाडका सिद्धांत कोसळला, तर मला नक्की कळवा. सोबत असली की बरं वाटतं.